तीन पॉइंट नऊ

१

माझं काम झोप मोजण्याचं आहे.

पोरीनं आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छोटं वर्कशॉप काढलंय. ती बिनवायरीच्या डब्या बनवते. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, आत नाण्याएवढी बॅटरी, एक चिप आणि पुढे पांढरं प्लॅस्टिकचं भिंग. समोर काही उबदार हललं की भिंगाला कळतं, भिंग चिपला उठवतं आणि चिप पोरीच्या फोनवर निरोप धाडते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशा डब्या लावतात. आत्ता उठले, आत्ता स्वयंपाकघरात गेले, एवढं मुलांना लांबून कळतं. बाकी सगळा वेळ डबीनं झोपायचं. झोप गाढ असली तर एक बॅटरी दोन वर्षं पुरते.

चिप निवडताना पोरीनं टेबलावर तीन मांडल्या होत्या. एक फार हुशार, पण खादाड. दुसरीचा आवाज लांब पोचायचा, पण उठायलाच तिला वेळ लागायचा. तिसरी डाळीच्या दाण्याएवढी.

"बाबा, ही घेऊ या," पोरगी म्हणाली. "हिला फारसं काही येत नाही. पण हिच्याइतकं गाढ कुणी झोपत नाही."

"मग डबीत मलाच बसव की."

"तुम्ही घोरता. बॅटरी आठवड्यात संपेल."

शाळा माझी चौथीपर्यंतच झालेली. पण हात अजून थरथरत नाही. एकेक चिप खाचेत बसवायची, बटण दाबायचं, पोरीनं लिहिलेला प्रोग्रॅम चढला की हिरवा दिवा लागतो. मग मीटर लावून झोपेत ती किती वीज खाते ते बघायचं, आकडा वहीत लिहायचा, डबीवर नंबर चिकटवायचा. बॅटरी मी कापडानं धरतो. बोटाचा घाम लागला तर त्या ओलीतूनही ती हळूहळू गळते.

आकडे मला शाळेनं दिले नाहीत, ताईनं दिले. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं सगळं तिनं केलं. माझं बोलणं आधीपासूनच संथ, म्हणून ती मला गोगलगाय म्हणायची. मी बहात्तरीला आलो, अजून म्हणते.

ताई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. मागच्या थंडीत ती मोरीत पडली आणि तीन तास तशीच पडून होती. तेव्हापासून पोरीनं धोशा लावला होता, आत्या, तू आमच्याकडे ये. ताई ऐकेना. शेवटी ठरलं ते असं: तीन महिने तिच्या घरात पाच डब्या लावायच्या. सगळं नीट दिसलं तर ती तिच्या घरात राहील. काही वेडंवाकडं दिसलं तर सामान बांधून आमच्याकडे येईल.

"लावा तुमच्या डब्या," ताई म्हणाली. "मी काही इथून हलायची नाही."

निजायची खोली, स्वयंपाकघर, मधला बोळ, मोरीचं दार. पाचवी मी मागच्या खोलीत लावायला गेलो. तिथे दोन ट्रंका आणि जुन्या रजयांचा ढीग, एवढंच सामान.

"तिथे कशाला?" ताई दारातून म्हणाली. "मी जात नाही तिथे."

"म्हणूनच. चुकून गेलीस नि पडलीस तर?"

तिनं डबीवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "ही ओरडते कशानं?"

"समोर कुणी सलग चार सेकंद हललं की. पडदा उडाला, पाल गेली, तेवढ्यानं नाही. जागी होते, मोजते, चार भरले नाहीत तर परत झोपते."

"चार," ताई म्हणाली आणि मान हलवली.

हा चारचा आकडा माझाच होता. पोरीनं विचारलं होतं, बाबा, किती ठेवू? मी म्हणालो चार. का म्हणालो, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

२

नवव्या दिवशी पाच नंबरची बॅटरी संपली.

बाकी चार डब्या जशाच्या तशा. त्यांची बॅटरी तसूभरही उतरली नव्हती.

"बाबा, कापड वापरलं होतं ना?" पोरगी जपून म्हणाली.

मी वही तिच्यापुढे ठेवली. पाच नंबरचा झोपेतला आकडा बाकीच्यांसारखाच होता. तरी आत जाऊन मी माझी बोटं पाहिली, साबणानं धुतली, परत पाहिली. माणसाला आधी स्वतःचाच संशय येतो.

मग संशय गेला चिपवर. आम्हाला चिपा देणारा माणूस प्रत्येक वाक्यात खात्री म्हणतो, म्हणून आम्ही त्याला खात्रीवाला म्हणतो. या धंद्यात जुन्या चिपा घासून वर नवं नाव छापणारे लोक असतात. पोरीनं त्याला फोन लावला.

"मॅडम, खात्रीचा माल आहे," तिकडून आवाज आला. "माझ्या पोराबाळांवर हात ठेवून खात्रीनं सांगतो."

"तुमचं लग्न झालेलं नाही," पोरगी म्हणाली.

"होईल ना! त्याची पण खात्री आहे."

तिनं चिपेवर रसायन लावून कापसानं घासलं. नाव पुसलं गेलं नाही. भिंगाखाली पाहिलं, तरी चिप अस्सलच.

मग मला सुचलं ते केलं. पाच नंबरला नवी बॅटरी घालून ती ताईच्या निजायच्या खोलीत लावली आणि तिथली एक नंबर मागच्या खोलीत. पूर्वी हातगाडीचं चाक डगमगलं की आम्ही डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे लावून बघायचो, तसं. दोष चाकात असला तर चाकाबरोबर जातो.

आठ दिवसांनी एक नंबर मेली. पाच नंबर निजायच्या खोलीत ठणठणीत होती.

म्हणजे दोष चाकात नव्हता. रस्त्यात होता.

३

चिप किती वेळा जागी झाली, हे ती पोटात लिहून ठेवते. पोरीनं मेलेली एक नंबर तारेनं जोडली आणि स्क्रीनकडे बघत बसली. ती बोलत नाही तेव्हा मला तिची आई आठवते.

"बाबा, आठ दिवसांत ही साठ हजार वेळा उठलीय."

"आणि निरोप?"

"एकही नाही."

"असं कसं?"

"उठली, मोजायला लागली आणि चार व्हायच्या आत समोरचं हलणं थांबलं. दर वेळी." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "सगळ्यात लांब हालचाल बघा. तीन पॉइंट नऊ. दुसरी, तीन पॉइंट नऊ. तिसरीही तीच. पडदा असा हलत नाही, बाबा. पडदा कधी एक सेकंद हलतो, कधी दहा. त्याला कुठे ठाऊक, कुठे थांबायचं ते?"

दुपारी मी ताईकडे गेलो. मागच्या खोलीचा पडदा काढून घेतला. खिडकीच्या फटीत कागद कोंबला. गज हलवून पाहिले, घट्ट होते. पाल सापडली नाही. सापडली असती तरी काय, पालीला ऊब कुठली? ट्रंका सरकवल्या, ढिगाभोवती झाडलं. खाली भुसकट नाही, लेंडी नाही. ती खोली फार स्वच्छ होती. कुणी जात नाही अशा खोलीत धूळ असावी, ती नव्हती.

"काय शोधतोयस?" ताई बोळातून म्हणाली.

"उंदीर."

"माझ्या घरात? तुझ्या डोक्यात असेल."

जाताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर दोन कप उपडे घातलेले होते. दोन्ही ओले.

"एक सकाळचा, एक दुपारचा," मी न विचारताच ताई म्हणाली.

४

तेव्हापासून मी ताईवर पाळत ठेवली, हे लिहिताना लाज वाटते.

मनात एकच गोष्ट होती. तिनं कुणाला तरी घरात घेतलंय. कुणी फिरस्ता, कुणी भामटा, एकट्या म्हातारीला गोड बोलून आत शिरलेला. तो माणूस मागच्या खोलीत दबून राहतो आणि ताई त्याला चहा नेऊन देते. रोज काही ना काही निमित्त काढून मी जाऊ लागलो. कधी लिंबं द्यायला, कधी नळ बघायला. पण डब्या खोटं बोलत नव्हत्या. ताई सहाला उठायची, साडेसहाला स्वयंपाकघरात, अकराला बोळात. तिच्याखेरीज घरात कुणी फिरत नव्हतं. आणि ताई मागच्या खोलीत एकदाही गेली नव्हती. गेली असती तर फोन वाजला असता. मग ती खोली झाडत कोण होतं?

पोरीनं चारचे दोन केले. मी नवी डबी भिंतीवर चिकटवत होतो तेव्हा ताईनं विचारलं, "आता किती?"

"दोन."

"दोनच?" ती म्हणाली. "लहान जीवाला अवघड रे."

"कुठल्या लहान जीवाला?"

"डबीला. एवढीशी तर आहे."

मी हसलो. तीही हसली. नऊ दिवसांनी बॅटरी संपली. पोरीनं पोटातला आकडा वाचला. सगळ्यात लांब हालचाल, एक पॉइंट नऊ.

पोरीनं खुर्ची मागे सरकवली. "बाबा, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"मी कुणाला सांगणार?"

असं म्हणालो आणि थांबलो. मी सांगितलं होतं. त्या खोलीत उभं राहून, मोठ्यानं, दोन्ही वेळा. आणि दोन्ही वेळा ताईनं विचारलं होतं. फोनमधलं एक बटण ज्या बाईला कधी कळलं नाही, तिला सेकंद कशाला हवे होते?

५

तिसऱ्या वेळी पोरीनं एकच सेकंद ठेवला. मी डबी लावायला गेलो. ताई दारात आलीच.

"आता किती?"

"दोनच आहे," मी म्हणालो. "बदललं नाही."

ताईशी आयुष्यात मी पहिल्यांदा खोटं बोललो. तिनं मान हलवली आणि पदराला हात पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला आमच्याकडे जेवायला आणलं. घराला माझ्या हातानं कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली. जेवण झाल्यावर ती वर्कशॉपमध्ये माझ्या स्टुलावर बसली आणि भिंगातून चिपा बघायला लागली.

"डोळा ना तोंड, म्हणे चिप. हिला झोप लागते?"

"तुझ्यापेक्षा बरी लागते, आत्या," पोरगी म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. पोरीनं बघितलं आणि माझ्याकडे वळवला.

मागची खोली. कुणीतरी आहे.

मी ताईकडे पाहिलं. ती फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी काही फोडलं की जशी बघायची, तशी.

"तू मला दोन म्हणाला होतास," ती म्हणाली.

आम्ही तिघं गेलो. कुलूप तसंच होतं. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. गज जागच्या जागी. पोरीनं ट्रंका उघडून पाहिल्या. रजयांचा ढीग मात्र उचकला नाही. त्याच्याकडे बघून तिनं हात मागे घेतला. का ते मी विचारलं नाही.

बाहेर येऊन ती म्हणाली, "बस झालं. रविवारी मी रिक्षा घेऊन येते, आत्या. तुझं सामान बांधून ठेव."

"तीन महिने झाले नाहीत."

"काही वेडंवाकडं दिसलं तर यायचं ठरलं होतं."

ताईनं खांबाला धरलं. माझी ताई कधी कशाला धरून उभी राहत नाही. "गोगलगाय," ती हळू म्हणाली, "तू तरी सांग हिला."

मी खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. सांगण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

६

शनिवारी सकाळी मी एक डबी वेगळी बनवली. चिपेच्या पायाला बारीक लाल दिवा जोडला. चिप जागी झाली की दिवा लागेल, झोपली की विझेल. निरोप नाही, आकडा नाही. मला फक्त बघायचं होतं.

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"आज किती?"

"आज आकडा नाही. नुसता दिवा आहे."

तिचे हात थांबले. "मग कळणार कसं?"

"कुणाला?"

ताईनं एक शेंग उचलली. दाणे पातेल्यात पडले.

मी मागच्या खोलीत गेलो, डबी ढिगाच्या समोर ठेवली, दार लोटलं आणि डबीच्या मागे ट्रंकेवर बसलो. खिडकीतून दहा वाजताचं ऊन जमिनीवर पडलं होतं. शेजारी कुणी भांडी घासत होतं. मी स्थिर बसलो. ते मला जमतं.

ते मला ताईनं शिकवलं. वडील रागात घरी यायचे त्या दिवशी आम्ही दोघं खाटेखाली जायचो. ताई माझ्या तळहातावर बोट टेकवून मोजायची. चार होईपर्यंत श्वास धरायचा, हलायचं नाही. मग ती म्हणायची, सोड. मग परत. असं तासन्‌तास. वडिलांच्या चपला खाटेसमोरून जायच्या आणि आम्ही त्यांना कधी सापडलो नाही. मी पुढे मोठा झालो, लग्न झालं, घर सोडलं. ताई कुणाकडे गेली नाही, याच घरात राहिली. एवढ्या वर्षांत ती एकटी काय करते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

दिवा लागला.

मी हललो नव्हतो. मी मोजलं. एक, दोन, तीन. विझला.

मी स्वतःला समजावलं, ऊन सरकलं असेल. जमीन तापली, हवा वर गेली. पोरगी म्हणते, गरम हवेनंही भिंग फसतं. मला ते पटत आलं होतं, तेवढ्यात दिवा परत लागला. या वेळी मी दिव्याकडे बघितलं नाही. ढिगाकडे बघितलं.

वरून तिसरी रजई, फुलाफुलांची, कडेला वर गेली. फार नाही, बोटभर. निजलेल्याची छाती वर जावी तशी. वर गेली आणि खाली आली नाही. तिथेच थांबली.

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. हळू, पातेल्यात दाणे पडण्याच्या तालावर.

"एक."

"दोन."

"तीन."

दिवा विझला. शेजारची भांडी थांबली होती. काही हलत नव्हतं.

"चार," ताई म्हणाली. "सोड."

माझा श्वास सुटला. तोवर मी तो धरला आहे, हे मला कळलंच नव्हतं.

आणि रजई खाली आली.

मी पाठ न वळवता बाहेर आलो. दार ओढून घेतलं. ताई मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"कुणाला मोजून दाखवत होतीस?"

"तुलाच," ताई म्हणाली. "तू लहानपणी फार हलायचास."

ते खरं नव्हतं. मी कधीच हललो नव्हतो.

७

वहीत मी लिहिलं: मागची खोली. चिपा खराब. डबी काढली. त्या वहीतला तेवढाच खोटा शब्द. खात्रीवाल्यानं बिचाऱ्यानं माफी मागितली आणि दहा नव्या चिपा पाठवल्या. खात्रीच्या.

रविवारी पोरगी रिक्षा घेऊन आली तेव्हा माझी वळकटी ताईच्या ओसरीवर होती.

"आत्या एकटी नको ना?" मी म्हणालो. "मग मी राहतो. ती इथून हलणार नाही."

पोरीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, तुम्हाला काही दिसलं का?"

"दिसलं असतं तर मी इथे झोपलो असतो का?"

पोरगी हुशार आहे. तिला हे पटलं नाही. पण मी तिच्याशी खोटं बोलत नाही अशी तिची समजूत आहे, आणि त्या समजुतीपुढे तिचं काही चाललं नाही. तिनं ताईला मिठी मारली, मला बजावलं, आणि रिकामी रिक्षा घेऊन गेली.

सकाळी मी वर्कशॉपला जातो, जेवायला परत येतो. डब्या आता चारच आहेत. चारही शांत झोपतात. पोरीच्या फोनवर दोन म्हातारी माणसं दिसतात, उठतात, जेवतात, निजतात. ताई आनंदात आहे. ओट्यावर आता तीन कप असतात. मी मोजतो, विचारत नाही. मागच्या खोलीचं दार पूर्वी लोटलेलं असायचं. हल्ली उघडं असतं.

दुपारी जेवण झालं की मी पुढच्या खोलीत जमिनीवर आडवा होतो, भिंतीकडे तोंड करून. ताई खुर्चीत बसते. काल तिचा डोळा लागलाय असं मला वाटलं. पंखा संथ फिरत होता. मग खुर्चीतून, झोपेतल्यासारखा, तिचा आवाज आला.

"एक."

मी श्वास धरला. बहात्तर वर्षांचं माझं अंग, पण ते अजून ताईचं ऐकतं.

"दोन. तीन. चार."

खोलीत कुणीच हललं नाही.

"सोड," ताई म्हणाली.

मी श्वास भिंतीकडे सोडला. आणि माझ्या मानेवर मागून ऊब आली.